निस्ताने सरांचा बांगडा

वर्ध्यात राहून समुद्रातल्या माशावर जीव लावणारा माणूस येडा असतो, असं आमच्या गावाचं मत होतं. गावाच्या मताला मी कधी फार किंमत दिली नाही, कारण याच गावानं एकदा मलाही कवी ठरवलं होतं, चार ओळी टाइप करून नोटीस बोर्डावर लावल्या म्हणून. निस्ताने सरांचं जवळजवळ प्रत्येक पत्र माझ्या मशिनीतून गेलेलं आहे. तेव्हा त्यांच्याबद्दल बोलायचा अधिकार गावापेक्षा माझा जास्त आहे, आणि तो मी आज वापरणार आहे. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खुशाल उठून जावं.

मी तेव्हा कॉलेजच्या ऑफिसात टायपिस्ट होतो. मूळचा मोठ्या आंजीचा. घरी शेती होती, पण मला शेतीत रस नव्हता आणि वडलांना माझ्यात नव्हता, म्हणून टायपिंग शिकून वर्ध्यात आलो. सर हिंगणीचे. त्यांचे वडील आणि दोघे भाऊ वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, असला भाजीपाला लावायचे आणि बैलबंडीत घालून सेलूच्या बाजारात न्यायचे. त्या घरातून हा एक मुलगा नागपूरला जाऊन प्राणिशास्त्रात एम. एस्सी. झाला आणि आमच्या कॉलेजात शिकवू लागला. नोकरी कच्ची होती. दर वर्षी जुलैत प्राचार्य त्यांना एक वर्षाची मुदतवाढ द्यायचे आणि ती ऑर्डर मी टाइप करायचो. सर ती दोन्ही हातांनी घ्यायचे, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचे, आणि दर वर्षी तेच म्हणायचे, की टायपिंग मोठं साफ आहे.

माणूस उंच, किंचित पोक आलेला. उन्हाळ्यातही अंगात खादीचा कोट. त्या कोटाच्या वरच्या खिशात खडू नसायचा, कर्कटक असायचं. दोन्ही पायांना टोकं असलेलं, माप उचलायचं कर्कटक. आणि खालच्या खिशात सहा इंची पट्टी. या दोन हत्यारांनी सरांनी वर्ध्यातल्या किती वस्तू मोजल्या याला हिशेब नाही. ऑफिसात येऊन बसले की टेबलावरचा पेरू उचलायचे, आधी लांबी, मग रुंदी, मग मनाशी एक भागाकार, आणि मग पेरू खायचे. एकदा त्यांनी आमच्या हेडक्लार्कचं डोकं नजरेनं मोजलं होतं हे मला पक्कं माहीत आहे, कारण त्यांचे ओठ हलत होते. वर्गात त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. पाह्यल्याशिवाय बोलू नका अन् मोजल्याशिवाय लिहू नका. पोरं त्याची नक्कल करायची, तीही त्यांच्या समोर, आणि ते हसायचे.

बरणीतल्या प्राण्यांना ते अहो-जाहो करायचे. बेडूक असला तरी 'हे'. 'हे आले मुंबईहून, प्रवासात यांचा पाय मोडला.' नव्या पोरांना वाटायचं कोणी पाहुणे आलेत.

आता बांगड्याकडे येतो. कॉलेजात प्राणिशास्त्र सुरू झालं त्या वर्षी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून पेटी भरून नमुने आले होते. तारामासे, शिंपले, एक मुशी माशाचं पिल्लू, आणि चौथ्या नंबरच्या बरणीत चार मासे. बरणीवर चिठ्ठी होती, बांगडा. सरांनी पुस्तक उघडलं आणि कर्कटक काढलं. पुस्तकात लिहिलं होतं की आपल्या किनाऱ्यावरचा साधा बांगडा ओळखायचा तर त्याच्या डोक्याची लांबी घ्या आणि अंगाची रुंदी घ्या. साध्या बांगड्याचं डोकं लांब आणि अंग त्यापेक्षा कमी रुंद. त्याचा एक भाऊबंद आहे, आखूड आणि रुंद अंगाचा. त्याचं अंग डोक्यापेक्षा भारी पडतं. पण तो राहतो पार पूर्वेकडे, ब्रह्मदेश-मलायाच्या बाजूला. आपल्या बाजूच्या समुद्रात तो कोणी पाहिल्याची नोंद नव्हती.

सरांच्या बरणीतले चारही मासे डोक्यापेक्षा अंगानं रुंद होते.

तुम्ही म्हणाल, रंगावरून ओळखता आलं नसतं का. आलं असतं. साध्या बांगड्याच्या पाठीवर काळ्या ठिपक्यांच्या ओळी असतात, कल्ल्यामागच्या पराखाली एक काळा डाग असतो. पण औषधाच्या पाण्यात सहा महिने ठेवला की मासा सगळा चहाच्या रंगाचा होतो. ठिपके गेले, डाग गेला. उरलं फक्त माप. आणि मापाच्या बाबतीत निस्ताने सरांना वर्धा जिल्ह्यात तोड नव्हती.

त्यांनी ते चार मासे किती वेळा मोजले असतील? मी स्वतः पाहिलं ते वीसेक वेळा. मग एका दुपारी ऑफिसात आले, माझ्या टेबलाशी उभे राहिले आणि म्हणाले, "वसंतराव, एक पत्र टाइप करून द्यान काय? खाजगी हाय. कागद माह्या." आवाज असा होता की मला वाटलं घरी कोणाचं लग्न ठरलं. पत्र मुंबईला होतं, एका मोठ्या तज्ज्ञाला. आखूड बांगडा आपल्याही समुद्रात आहे, आणि त्याचे चार नमुने वर्ध्यास माझ्यापाशी आहेत, असं त्यात लिहिलेलं. मी टाइप केलं. त्यांनी खाली सही केली, तेव्हा मी खिडकीबाहेर बघत बसलो.

त्यानंतर सहा वर्षं मी ती पत्रं टाइप केली. मुंबई, मद्रास, कलकत्ता. उत्तरं क्वचित यायची, आणि आली तर दोन ओळींची. सरांना त्या दोन ओळी पाठ असायच्या. या माणसाला आयुष्यात दुसरं काहीही नको होतं हो. पगारवाढ मागितली नाही, लग्न केलं नाही, वडलांनी आणलेल्या स्थळांना नुसतंच 'पुढल्या साली पाहू' म्हणत राहिले. त्यांना एवढंच हवं होतं की कोणीतरी जाणता माणूस लिहील, होय, तुम्ही म्हणता तो मासा तोच आहे.

दिवाळीच्या सुट्टीत कॉलेज बंद व्हायचं. प्रयोगशाळेत कोणी नसताना बरणीचं औषध उडून जाईल या भीतीनं सरांनी एका वर्षी ती बरणी खोलीवर नेली. घरमालक कापडाचे व्यापारी, घरात कांदासुद्धा चालत नव्हता. त्यांनी खिडकीतून बरणी पाहिली आणि सरांना अंगणात बोलावलं. सर शांतपणे सांगत राहिले की हा मासा खायचा नाही, वाचायचा आहे. मालक म्हणाले, वाचायचा तर पुस्तकात वाचा. त्याच संध्याकाळी सरांनी सामान हलवलं. ट्रंक मी धरली, वळकटी त्यांनी खांद्यावर टाकली, आणि बरणी मात्र मला हात लावू दिली नाही. स्टेशनापलीकडे जिनिंगच्या कारखान्यामागे एक पत्र्याची खोली मिळाली. सरकी काढायची मशीन दिवसभर धडधडायची. सरांनी तक्रार म्हणून केली नाही. म्हणे इथं कोणी खिडकीतून पाहत नाही.

आमच्या घरी ते रविवारी जेवायला यायचे. आमच्या मंडळींनी पहिली दोन वर्षं त्यांचा पेला वेगळा ठेवला होता, माशाच्या हातांचा माणूस म्हणून. सरांना कळत होतं. ते स्वतःच तो पेला धुऊन कोपऱ्यात उपडा घालायचे. एका दिवाळीला बायको अंगणात रांगोळी काढत होती आणि सहज विचारून बसली, "पण दिसते तरी कसा जी हा तुमचा मासा?" सर उकिडवे बसले. रांगोळी चिमटीत घेतली आणि एका दमात मासा काढला. मग रंग मागितले. पाठीला निळा-हिरवा, कुशीला थोडा पिवळा, पोटाला पांढरं कोरं सोडलेलं, आणि पाठीवर ठिपक्यांच्या दोन ओळी. "हा साधा," ते म्हणाले, "आपला आखूड यापेक्षा रुंद." मी विचारलं, सर, हे रंग तुम्ही पाहिले कुठं? ते म्हणाले, पाह्यले नाई, वाचले. समुद्रही पाहिला नव्हता. नागपूरच्या पलीकडे हा माणूस कधी गेलाच नव्हता. बायकोनं ती रांगोळी तीन दिवस झाडली नाही, आणि पुढच्या रविवारपासून वेगळा पेला बंद झाला.

मुंबईच्या तज्ज्ञानं एका उत्तरात लिहिलं की बरणीतल्या माशावर विसंबू नये, ताज्या माशावर माप घ्यावं. झालं. सरांचा एक वर्गबंधू मुंबईला कारकून होता. त्याला पत्र गेलं. त्यानं सहा बांगडे बर्फात आणि लाकडाच्या भुशात बांधून, पत्र्याच्या डब्यात घालून रेल्वेनं पाठवले. महिना एप्रिल. गाडी सहा-सात तास उशिरा आली. आम्ही दोघं सकाळपासून वर्धा स्टेशनावर. पार्सलबाबूनं डबा हातभर लांब धरून आणला आणि म्हणाला, काय असेल ते बाहेर नेऊन उघडा, माझ्या ऑफिसात नको.

बाहेर लिंबाच्या झाडाखाली सर मांडी घालून बसले आणि डबा उघडला. बर्फाचं भुसावळलाच पाणी झालं असावं. वासाचं मी सांगत नाही. टांगेवाले घोडे घेऊन दूर गेले, एवढंच सांगतो. सरांनी पहिला मासा पट्टीवर ठेवला. डोकं. अंग. त्यांनी आकडा सांगितला, मी नाकाला रुमाल लावून लिहिला. दुसरा, तिसरा. सहाही मासे डोक्यापेक्षा अंगानं रुंद निघाले. सरांनी मान वर केली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "सहाच्या सहा, वसंतराव," ते म्हणाले. "ताजे."

ताजे! दोन दिवसांचा, वैशाखात भाजलेला मासा, आणि हा माणूस त्याला ताजा म्हणतो, आणि मी ते लिहून घेतो. आज आठवलं की मला माझाच राग येतो. त्या दिवशी त्या स्टेशनावर समुद्राकाठचा एकही माणूस नव्हता. एक असता तरी पुरे होतं. आम्ही ते मासे औषधात घालायला गेलो तर त्यांची पोटं फुटली, म्हणून नाल्याकाठी खड्डा करून पुरले. आकडे मात्र मी साफ टाइप केले आणि ते मुंबईला गेले. त्याचं उत्तर आलं नाही.

वर्गात सर हे सगळं शिकवायचे. दर वर्षी आठ-दहा मुलं. चौथी बरणी टेबलावर यायची आणि सर सांगायचे, चिठ्ठीवर बांगडा लिहिलंय, पण मोजा. मुलं मोजायची, माप बरोबर निघायचं, आणि वहीत आखूड बांगडा असं लिहिलं जायचं. ती मुलं पुढे कोणी तलाठी झाली, कोणी मास्तर, कोणी किराणा दुकानात बसली. त्यातल्या एकाचाही बांगड्याशी पुन्हा संबंध आला असेल असं मला वाटत नाही.

मग राज्यं बदलली. आम्ही तोपर्यंत मध्यप्रदेशात होतो, राजधानी नागपूर. छपन्न साली आम्हाला मुंबई राज्यात घातलं. नागपूर-वर्ध्याकडं लोक हळहळले, राजधानी गेली म्हणून. सर तेवढे खूश. वर्तमानपत्र घेऊन ऑफिसात आले आणि म्हणाले, "वसंतराव, समुद्र आपल्या राज्यात आला." मी म्हटलं, तो आला नाही सर, आपण गेलो. पण त्यांना ऐकू गेलं नाही. आणि खरोखर, पुढच्याच वर्षी जाहिरात आली. किनाऱ्यावरच्या मत्स्य खात्याच्या कार्यालयात एक जागा, मासे ओळखण्याच्या कामाची, आणि आता ती आपल्या माणसांनाही खुली. सरांनी अर्ज माझ्याकडून दोनदा टाइप करून घेतला. संशोधन या रकान्यात एकच गोष्ट होती.

तीन आठवड्यांत उत्तर आलं, आणि ते दोन ओळींचं नव्हतं. मुलाखतीला यावं. आपला दावा आम्हाला महत्त्वाचा वाटतो. माप बाहेरून घेतलेलं आहे, त्यानं शंका राहते. साध्या बांगड्याचं आतडं आखूड असतं, त्या दुसऱ्याचं अंगाच्या तिपटीहून लांब असतं. तरी एक नमुना उघडून आतडं मोजावं आणि नमुने सोबत आणावेत. सरांनी ते पत्र मला वाचायला दिलं आणि स्वतः खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. मी त्यांना म्हटलं, सर, बसा. ते बसले नाहीत.

सहा वर्षांत त्यांनी एकाही माशाला सुरी लावली नव्हती. चारच होते. ज्या नमुन्यावरून जगाला नवी गोष्ट सांगायची तो अख्खाच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. एका बाजूचे कल्ले चौघांचेही तुटलेले होते, तेवढंही त्यांना सलायचं. प्रवासात झालं असेल म्हणायचे. आता प्राचार्यांची परवानगी काढली. शनिवारी दुपारी कॉलेज सुटल्यावर त्यांनी मला बोलावलं, आकडे लिहायला. प्रयोगशाळेत आम्ही दोघंच. त्यांनी मासा ताटलीत ठेवला, कात्री घेतली, आणि म्हणाले, माफ करजा साहेब.

कात्री खालून वर गेली. पोट उघडलं. सर वाकले. मी पेन्सिल घेऊन तयार. आकडा आला नाही.

मी जवळ गेलो. आत आतडं नव्हतं, काळीज नव्हतं, काही नव्हतं. चहाच्या रंगाचं काहीतरी दाबून दाबून भरलं होतं. सरांनी चिमट्यानं टोक धरलं आणि ओढलं, तर ते लांबत आलं. सवयीनं त्यांनी ते पट्टीजवळ नेलं. मग थांबले.

"कापूस," ते म्हणाले.

मी वर्ध्याचा माणूस. कापूस मला दाखवावा लागत नाही. पण त्या क्षणी मला तो ओळखू आला नाही, खरं सांगतो. व्यापाऱ्यानं एका बाजूचे कल्ले काढून तिथून आतलं सगळं उपसलं होतं, आणि मासा वाटेत सडू नये म्हणून औषधात भिजवलेला कापूस कोंबला होता. त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. कोंबताना पोट फुगलं, आणि फुगलं तसंच औषधात कडक झालं. सरांनी पोटाच्या दोन्ही कडा बोटांनी जुळवून दाबून धरल्या आणि दुसऱ्या हातानं माप घेतलं. डोकं लांब. अंग कमी. मग त्यांनी उरलेले तिघेही उघडले. चारही पोटांतून कापूस निघाला, आणि चारही साधे बांगडे होते.

मी विचारलं, मग सर, ते स्टेशनावरचे सहा? तिथं तर कापूस नव्हता. ते मला काहीतरी दुसरंच सांगतील अशी आशा होती मला. ते हात धूत होते. पाठमोरेच म्हणाले, "ते सडून फुगले होते, वसंतराव. समुद्राकाठच्या लेकरालेबी समजलं असतं."

सोमवारी त्यांनी पत्र लिहून आणलं. माझा दावा चुकीचा आहे, चारही नमुने साध्या बांगड्याचे आहेत, आधीचे सर्व आकडे रद्द समजावेत, मुलाखतीस येत नाही. मी मशिनीवरून हात काढले. म्हटलं, हे मी टाइप करणार नाही. सहा वर्षांत मी त्यांच्यावर कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. "दावा मांगं घ्या, पण मुलाखतीले जा नं तुमी. मासा चुकला. माणूस काऊन टाकून देऊन राह्यले?"

सर म्हणाले, "ज्याले सहा वर्षं कापूस समजला नाई, त्यानं तिथं जाऊन काय ओळखाव?"

याला उत्तर होतं. आज मला दहा उत्तरं सुचतात. तेव्हा मी कागद चढवला आणि टाइप केलं. त्या कार्यालयाकडून आठ दिवसांत कार्ड आलं की आपल्या पत्राची नोंद घेतली आहे.

माझ्या लेखी गोष्ट इथं संपायला हवी होती. दुसरा कोणी असता तर बरणी आतल्या कपाटात ढकलून मोकळा झाला असता. सर वर्गात गेले, चौथी बरणी टेबलावर ठेवली, आणि मुलांना म्हणाले की मी तुम्हाला चुकीचं शिकवलं, ती ओळ खोडा. मुलांनी खोडली. मग ते माझ्याकडे आले आणि मागच्या पाच वर्षांत प्राणिशास्त्र घेतलेल्या मुलांचे पत्ते मागितले. प्रवेशाच्या रजिस्टरात होते. पन्नासाच्या आसपास नावं भरली. त्यांनी पोस्टकार्डांचा गठ्ठा आणला आणि रोज दुपारी माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून लिहू लागले. मी म्हटलं, द्या इकडं, कार्बन घालून तासाभरात काढून देतो. नको म्हणाले. चूक माझ्या हातची आहे, हातानंच लिहितो.

सगळ्या कार्डांवर मजकूर एकच. 'अनेक आशीर्वाद. तुम्हांस वर्गात चौथ्या बरणीतील मासा मी आखूड बांगडा म्हणून शिकविला. तो साधा बांगडा आहे. चूक माझी आहे. वहीत दुरुस्ती करावी. वही नसल्यास लक्षात ठेवावे.'

प्राचार्यांच्या कानावर गेलंच. त्यांनी सरांना बोलावून सांगितलं की अशानं संस्थेचं हसं होतं. सर हो म्हणाले आणि लिहीत राहिले. उत्तरं आली तीन. दोघांनी नुसता नमस्कार लिहिला होता. तिसरा मुलगा गिरडला दर्ग्याच्या वाटेवर दुकान चालवत होता. त्यानं लिहिलं, 'सर, कोणता मासा ते माझ्या लक्षात येत नाही. आपली प्रकृती बरी आहे ना?' सरांनी ते कार्ड मला दाखवलं. मला वाटलं आता हा माणूस खचेल. पण ते बाहेर जाऊन आंतर्देशीय घेऊन आले आणि त्या मुलाला पहिल्यापासून सगळं लिहायला बसले. डोकं कुठून कुठपर्यंत मोजायचं, अंग कुठं मोजायचं, काळा डाग कुठं असतो. कडेला मासा काढला. ते पत्र त्या दुकानात कोणी पूर्ण वाचलं असेल काय? मला नाही वाटत. सरांनाही वाटत नसावं.

त्या जुलैत त्यांची मुदत वाढली नाही. जागेवर पक्का माणूस घ्यायचं ठरलं होतं, नियमानंच ठरलं होतं, त्यात कोणाचा कावा नव्हता. सेवा समाप्तीचं पत्र मी टाइप केलं. सरांनी दोन्ही हातांनी घेतलं, पूर्ण वाचलं, आणि म्हणाले, टायपिंग साफ आहे. मी उठून पाणी प्यायला गेलो.

हिंगणीला जायचं होतं. भावांनी बंडी पाठवतो म्हटलं होतं, पण सर मोटारीनं गेले. सामान एक ट्रंक, एक वळकटी. मी स्टँडवर गेलो. मी विचारलं, तिकडं काय कराल, तर म्हणाले, वांगी हायेत नं. खिडकीजवळ बसले. मोटार सुरू झाल्यावर त्यांनी कोटातून एक पोस्टकार्ड काढून माझ्या हातात दिलं. "हे एक राह्यलं होतं. डब्यात टाकजा." मी म्हटलं हाव. मोटार वळली तेव्हा ते समोर पाहत होते. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. दोन वर्षांनी त्यांच्या भावाकडून कळलं की सर तापानं गेले.

पोस्टाच्या डब्याशी आल्यावर सवयीनं पत्ता तपासला, तर पत्ता माझाच. कॉलेजचं ऑफिस, माझं नाव. तिथंच वाचता आलं असतं. पण त्यांनी डब्यात टाक म्हटलं होतं. टाकलं.

दुसऱ्या दिवशी पोस्टमननं ते माझ्या टेबलावर आणून दिलं. 'स. न. वि. वि. आपण सहा वर्षे माझी पत्रे टाइप केलीत. त्यांत मी आपल्या हातून चुकीचे लिहवून घेतले. तो साधा बांगडा होता. आपण दर वेळी विश्वास ठेवलात, म्हणून आपल्याला कळविणे सर्वांत अवघड गेले व शेवटी राहिले. क्षमा असावी.'

मी विश्वास ठेवत होतो, हे मी त्यांना कधीच बोललो नव्हतो. मी फक्त टाइप करत होतो. मशिनीत कोणत्या तरी नोटिशीचा कागद अर्धा चढवलेला होता, आणि तो संध्याकाळपर्यंत तसाच राहिला.